खाच जळतेय? आधी भुसा कुठे जातोय ते बघा

वाचकांचे प्रश्न : हार्डवुडमध्ये मॉर्टाइज पाडायचे बिट

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की लाकूड कठीण आहे, खाच काळी पडते, बिट निळं पडतं, मग कुठलं बिट घेऊ. म्हणून सगळे एकत्र घेतले. मॉर्टाइज म्हणजे आपली खाच, जिच्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या टोकाची जीभ, बसतं, हे सगळ्यांना माहीत आहेच. पण ही खाच तळाला बंद असते आणि चारी बाजूंनीही बंद असते, कापलेलं लाकूड बाहेर यायला फक्त वरचं तोंड उरतं, ही गोष्ट बिट निवडताना आपण विसरतो. करवतीचा भुसा आपोआप खाली पडतो, रंध्याचा कीस वर उडतो, खाचेतला मात्र कुणीतरी उचलून बाहेर काढावा लागतो, आणि ते काम बिटाचं असतं. पुढची सगळी उत्तरं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

प्रश्न : दादा, माझ्याकडे छोटं बेंचटॉप मॉर्टायझर (चौकोनी खाच पाडायचं टेबलावरचं मशीन) आहे, सोबत चार साइजचा चौकोनी चिझलचा सेट आला होता. पाइनमध्ये छान चालायचं. आता ओकच्या पायांत १२ मिमीची खाच पाडायला घेतली तर धूर निघतो, मशीन किंचाळतं आणि हँडलला अक्षरशः लटकावं लागतं. महागातला सेट घेऊ का?

उत्तर : आत्ता लगेच घेऊ नका. नवा सेट आणून तसाच लावलात तर तोही जळेल, कारण तुम्ही जे सांगताय ते बहुतेक वेळा धातूवर धातू घासल्याचं लक्षण असतं, लाकडाचा दोष नसतो.

आधी आत काय चालतं ते बघू. मधलं ऑगर बिट गोल भोक पाडतं आणि बाहेरची चौकोनी चिझल फक्त चार कोपरे तासते. चौकोनात बसणारं गोल भोक काढलं की कोपऱ्यांत साधारण २१ टक्के लाकूड उरतं, तेवढंच चिझलला कापायचं असतं, आणि ते कापलेलं लाकूड परत ऑगरच्याच फ्लूटमधून (पिळाच्या खोबणीतून) वर जाऊन चिझलच्या खिडकीतून बाहेर पडतं. आता ऑगरचं डोकं चिझलच्या धारेला टेकलेलं असेल तर दोन गोष्टी होतात, एक तर ते धारेवर घासून तापतं, आणि दुसरं म्हणजे कोपऱ्यातल्या तुकड्यांना आत शिरायला जागाच राहत नाही. आवाज, धूर, निळं बिट, सगळं इथून सुरू होतं.

म्हणून चिझलच्या टोकापुढे ऑगर थोडं बाहेर हवं. छोट्या चिझलला साधारण १ मिमी, १२ मिमीच्या चिझलला दीड, हार्डवुडमध्ये २ मिमीपर्यंतही चालतं. हे डोळ्यांनी लावत बसू नका, एक पातळ नाणं घ्या. चिझल वर सरकवताना तिचा खांदा आणि मशीनचं तोंड यांच्यामध्ये ते नाणं धरा आणि चिझल हलकी आवळा. मग ऑगर खालून पूर्ण वर ढकला, धारेला टेकेपर्यंत, आणि चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) पक्कं करा. आता चिझल सैल करून नाणं काढा, चिझल खांद्यापर्यंत वर बसवा, फेन्सला (लाकूड टेकवायच्या पट्टीला) गुण्या लावून सरळ करा आणि आवळा. नाण्याच्या जाडीएवढी फट आपोआप मिळाली. मशीन चालू करायच्या आधी चक हाताने एक फेरी फिरवून बघा, कुठे खर्र आवाज आला तर अजून घासतंय.

दुसरी गोष्ट धारेची. कारखान्यातून आलेली चिझल बहुतेक वेळा कापण्यासारखी नसतेच. नखावर टेकवून बघा, घसरली तर बोथट आहे. आतल्या उताराला शंकूच्या आकाराचा डायमंड किंवा ग्राइंडिंग स्टोन मिळतो, तो हाताने पाच-सहा फेऱ्या फिरवा, चारी बाजूंना बारीक भर (धारेवर उलटून आलेला धातूचा पातळ काठ) आली की थांबा. मग बाहेरची बाजू सपाट बारीक दगडावर ठेवून फक्त ती भर काढा, त्यापेक्षा जास्त घासू नका, का ते पुढच्या प्रश्नात येतंय. कोपरे छोट्या त्रिकोणी कानशीने साफ करा, कारण लाकडात आधी शिरतात ते कोपरेच. ऑगरलाही धार लागते हे लोक विसरतात. त्याच्या आडव्या ओठाची वरची बाजू आणि उभ्या स्परची (कडेच्या टोकदार दाताची) आतली बाजू एवढंच घासायचं, स्परला बाहेरून कानस लावली की भोक लहान झालं आणि चिझलच्या अंगावर जास्त काम आलं म्हणून समजा.

तिसरी गोष्ट, १२ मिमी. ६ मिमीच्या चिझलपेक्षा १२ च्या चिझलला कोपऱ्यांत चौपट लाकूड असतं आणि धारेची लांबी दुप्पट. बेंचटॉप मशीनचं हँडल आणि खालचा दाबपट्टा त्या जोरासाठी बनवलेला नसतो. पाइनमध्ये लक्षात येत नाही, ओकमध्ये येतं. माझं मत स्पष्ट आहे, छोट्या मशीनवर हार्डवुडमध्ये १० मिमीच्या वर जाऊ नका. खाच लाकडाच्या जाडीच्या एक-तृतीयांश ठेवायची हा जुना हिशोब आहे, म्हणजे ३० मिमी जाड लाकडाला १० ची खाच पुरते, १२ चा हट्ट कशासाठी.

आणि क्रम. एका टोकापासून लागून लागून भोकं पाडत गेलात तर दुसऱ्या भोकापासून चिझलच्या एका बाजूला पोकळी आणि दुसऱ्या बाजूला लाकूड असं होतं, ती पोकळीकडे वाकते, खाच तिरकी होते आणि चिझल चेमटते. १० ची चिझल आणि ४४ मिमी लांब खाच धरा. आधी दोन्ही टोकांची भोकं, मग बरोबर मधलं, म्हणजे ३० मिमी झालं आणि मध्ये ७-७ मिमीच्या दोन भिंती राहिल्या. मग त्या भिंतींवर चिझल मधोमध धरून उतरा, दोन्ही बाजूंना सारखाच भार येतो. खिडकीचं तोंड खाचेच्या लांबीच्या दिशेला ठेवा, म्हणजे भुसा मोकळ्या झालेल्या भागात पडतो.

दाब सावकाश पण ठाम ठेवा. जळतंय म्हणून माणूस घाबरून हात हलका करतो आणि नेमकं त्यानेच जास्त जळतं, कारण ऑगर कापायचं सोडून जागच्या जागी घासत बसतं. ८-१० मिमी उतरा, थोडं वर घ्या, खिडकीतून भुसा निघू द्या, परत उतरा. निघालेला भुसा चिमटीत घेऊन बघा, वळलेले छोटे तुकडे असतील तर ठीक चाललंय, पिठासारखा आणि तपकिरी असेल तर धार गेली किंवा दाब कमी पडतोय.

हे सगळं करूनही ऑगर टोकापासून बोटभर निळं पडलेलं दिसलं तर मात्र ते बदला. साध्या कार्बन स्टीलचा रंग निळा होतो तो ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तोपर्यंत त्याची धार धरायची ताकद उतरलेली असते, मग कितीही घासा, चार खाचांत परत बोथट होतं. हायस्पीड स्टीलचं (एचएसएस) बिट निळं दिसलं तरी लगेच मऊ होत नाही, ते ५५०-६०० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून हार्डवुडसाठी बदली घेताना एचएसएसच घ्या.

प्रश्न : मी चिझलला चारी बाजूंनी बाहेरून मस्त घासून आरशासारखी केली, आता ती खाचेत अडकते, वर येतच नाही. काय चुकलं?

उत्तर : बाहेरूनच जास्त घासलं गेलं. चिझल टोकाशी अगदी किंचित रुंद आणि वर किंचित अरुंद असते, त्या फरकामुळे ती लाकडातून सुटते. तुम्ही टोकाकडचं अंग उतरवलंत, आता टोकाने पाडलेल्या भोकात वरचा जाड भाग शिरतोय, पाचर ठोकल्यासारखा. हे भरून काढता येत नाही. ती चिझल मऊ लाकडाला ठेवून द्या आणि नवीला बाहेरून फक्त भर काढण्यापुरता दगड दाखवा. तेवढ्यापुरतं काम अडलंच असेल तर चिझलच्या बाहेरच्या बाजूला मेणबत्तीचं मेण हलकं चोळा. तेल नको, लाकूड पितं आणि मग गोंद धरत नाही.

प्रश्न : प्लंज राउटरने (फिरतं बिट वरून सरळ खाली उतरवता येतं त्या राउटरने) ८ मिमी रुंद, ३५ मिमी खोल खाच पाडायची आहे, लाकूड हार्ड मेपल. स्ट्रेट बिट, अपकट स्पायरल, डाउनकट स्पायरल असे तीन प्रकार दिसतात. डाउनकटने कडा स्वच्छ येते म्हणतात, तेच घेऊ ना?

उत्तर : नाही, इथे अपकट घ्या, त्याचा पीळ भुसा वर आणतो. डाउनकटचा पीळ भुसा खाली ढकलतो. आरपार नसलेल्या खाचेत खाली म्हणजे तळ, तिथे तो दाबून बसतो, बिट पुढच्या फेरीला परत तोच भुसा कुटतं, तापतं, आणि भिंती काळ्या होतात. उथळ खाचण्या आणि व्हेनियरच्या कामाला डाउनकट उत्तम आहे, पण ३५ मिमी खोल विहिरीत ते चुकीचं हत्यार आहे. अपकटने वरची कडा थोडी केसाळ होते हे खरं, पण ती कडा कुसवाच्या खांद्याखाली झाकली जाते, कुणाला दिसणार आहे? फारच वाटलं तर पहिली फेरी अर्धा-एक मिमीचीच मारा, किंवा आधी धारदार चाकूने रेघ कापून घ्या.

स्ट्रेट बिट अगदीच टाकाऊ नाही, पण घेताना त्याचं बूड बघा. बऱ्याच स्वस्त स्ट्रेट बिटांच्या दोन पात्यांच्या मध्ये तळाला फट असते, तिथे धारच नसते, ते बिट बाजूने कापतं पण सरळ खाली उतरत नाही, खाली दाबलं की मधलं लाकूड घासून जळतं. प्लंज करायचं तर बुडाला मध्यापर्यंत धार हवी.

आता लांबी. दुकानात लांब बिट दिसलं की उपयोगी पडेल म्हणून घ्यावंसं वाटतं. तसं करू नका. कॉलेटमधून (राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीतून) जेवढं बाहेर, तेवढं वाकणार, आणि ते लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. ४० मिमी बाहेर असलेलं बिट ५० मिमी बाहेर काढलं तर सव्वापट लांबीला जवळजवळ दुप्पट वाकणं होतं. जाडीचा हिशोब याच्याही पुढचा आहे, ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. शँक म्हणजे कॉलेटमध्ये धरायचा बिटाचा दांडा, ६ मिमीच्या शँकपेक्षा ८ मिमीचा शँक तिपटीहून ताठ, आणि पाव इंचापेक्षा अर्धा इंच सोळापट ताठ. म्हणून तुमच्या राउटरला ८ मिमीचं कॉलेट असेल तर ८ मिमी शँकचंच ८ मिमी बिट घ्या, ६ च्या शँकवर ८ चं डोकं असलेलं नको. पण फार आखूडही नको, फ्लूटची लांबी खाचेच्या खोलीपेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे ३५ ला निदान ३८-४०. फ्लूट खाचेच्या आतच संपला तर वर गुळगुळीत शँक बुचासारखा बसतो आणि भुशाची वाटच बंद होते.

एका फेरीत किती उतरायचं? व्यासाच्या अर्ध्याच्या आत, म्हणजे ८ ला ३ ते ४ मिमी. मेपलमध्ये ३ च ठेवा. स्पीड १८,००० च्या आसपास, आणि हात थांबवू नका. साधा हिशोब करून बघा : १८,००० फेरे, दोन फ्लूट, म्हणजे मिनिटाला ३६,००० वेळा धार लागते. राउटर मिनिटाला ३ मीटरच्या वेगाने सरकवला तर एकेक धार ०.०८ मिमीचा कीस काढते, १ मीटरने सरकवला तर ०.०३ सुद्धा नाही. एवढं पातळ झालं की धार कापत नाही, नुसती घासते. खाच छोटी असते त्यामुळे तो वेग प्रत्यक्षात मिळवणं अवघड, प्रत्येक टोकाला थांबून उलटं फिरावं लागतं, म्हणून टोकं नेहमी आधी काळी होतात. हात वेगाने जमत नसेल तर स्पीड थोडा उतरवा, आकड्यापेक्षा कीस कसा येतोय ते महत्त्वाचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो उपाय वेगळाच आहे. आधी ड्रिलने ७ मिमीची भोकं शेजारी शेजारी पाडून खाच निम्मी रिकामी करून घ्या आणि मग राउटर लावा. बिटाला फक्त भिंती साफ करायच्या उरतात, भुशाला पडायला जागा असते, आवाजसुद्धा बदलतो, तो घुसमटलेला आवाज जाऊन मोकळा होतो. वेळ जास्त लागेल असं वाटतं पण लागत नाही, कारण फेऱ्या कमी होतात.

राउटरला लावायच्या फेन्सबद्दल एक ओळ. राउटर तुमच्यापासून पुढे ढकलत असाल तर फेन्स उजव्या हाताला ठेवा, बिटाचं फिरणं ती लाकडाकडे ओढून धरतं. डावीकडे ठेवली की राउटर हळूहळू रेघ सोडतो.

प्रश्न : चालू कामात अपकट बिट कॉलेटमधून आपोआप खाली सरकलं. नट नीट आवळला होता. बिट खराब म्हणायचं का?

उत्तर : हा प्रश्न मला फार जवळचा आहे. माझं स्वतःचं एक काम असंच गेलं. ३० मिमी खोल खाच पाडत होतो, डेप्थ स्टॉप लावलेला, आवाज थोडा जड झाला एवढंच, आणि राउटर उचलला तर लाकडाच्या खालच्या बाजूने उजेड दिसला, बिट ११-१२ मिमी खाली आलेलं. चार पायांतला तयार पाय वाया. कारण नंतर सापडलं, बिटचा शँक १२ मिमीचा होता आणि कॉलेट अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमीचं. नट घट्ट आवळला की हाताला पक्कं वाटतं, पण कॉलेट शँकला सगळीकडून न धरता दोन-तीन ठिकाणीच चिमटा काढतं. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५, यांतही हेच. आधी शँक कॅलिपरने मोजा. बिट सरकलं ते माझं नशीब, खाली सरकण्याऐवजी बाहेर उडालं असतं तर पायाचं सोडा, माणसाचं काय झालं असतं.

माप बरोबर असेल तर कॉलेट स्वच्छ आहे का बघा. अपकटचा पीळ स्क्रूसारखा असतो, तो लाकडात शिरताना स्वतःला खाली ओढतो, म्हणजे कॉलेटवर सतत ओढ असते, स्ट्रेट बिटाला ती नसते. त्यामुळे जुनं, भुशाने भरलेलं कॉलेट स्ट्रेट बिट धरून ठेवतं आणि अपकट सोडून देतं. कॉलेटच्या चिरांतला चिकट भुसा कोरड्या पितळी ब्रशने काढा, शँकवर तेलाचा हात नको. बिट तळाला टेकवून आवळू नका, पूर्ण आत घालून २-३ मिमी मागे घ्या आणि मग आवळा, कारण आवळताना कॉलेट थोडं आत ओढलं जातं आणि बिट तळाला टेकलेलं असलं तर ती पकड अर्धवट राहते. शँकवर तपकिरी खुणा किंवा चरे दिसले तर कॉलेट बदलायची वेळ आली. आणि दर दोन खाचांनंतर मार्करने मारलेली खूण बघा, शँकवर कॉलेटच्या तोंडाशी एक रेघ ओढून ठेवली की सरकलेलं लगेच कळतं. ही रेघ मी आता प्रत्येक बिटावर मारतो.

प्रश्न : कार्बाइड घ्यावं की एचएसएस? आमच्याकडे जास्त काम सागाचं असतं आणि साग काही फार कठीण नाही, तरी बिटं लवकर जातात.

उत्तर : निरीक्षण बरोबर आहे. लाकडाचा कठीणपणा मोजायचा जांका नावाचा आकडा असतो, लाकडात छोटी पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो यावर तो ठरतो. हार्ड मेपलचा तो साधारण १,४५० आहे आणि सागाचा हजाराच्या थोडा वर. म्हणजे साग मेपलपेक्षा बराच मऊ. पण सागाच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, ती धार कापून नाही तर घासून खाते. मेपल धारेला थकवतो, साग तिला झिजवतो. त्यामुळे लाकूड नखाने दाबून बिट ठरवू नका.

सागासाठी राउटरमध्ये सॉलिड कार्बाइडच. एचएसएसच्या स्पायरलला सुरुवातीची धार फार छान असते, कार्बाइडपेक्षाही बारीक लागते, आणि ते लवचिक असतं, पण १८,००० फेऱ्यांवर सिलिकापुढे ती धार टिकत नाही. याच्या उलट हळू फिरणाऱ्या मशीनवर, म्हणजे मॉर्टायझर, ड्रिल प्रेस, आडवं स्लॉट मॉर्टायझर, तिथे एचएसएसच बरं. कार्बाइड कठीण असतं पण ठिसूळ, मशीनचं बेअरिंग थोडं जरी ढिलं असलं किंवा लाकूड हललं तरी टवका उडतो. स्लॉट मॉर्टायझरवर बरेच जण धातूकामातलं एंडमिल लावतात, ते चालतं, फक्त दोन फ्लूटचं आणि मध्यापर्यंत धार असलेलं घ्या. चार फ्लूटचं दिसायला भारी, पण प्रत्येक फ्लूटमधली जागा कमी, लाकडाचा कीस लोखंडाच्या किसापेक्षा खूप फुगतो, तो त्यात मावत नाही.

आणि एक, सागाचं बिट बोथट झालंय असं वाटतं तेव्हा अनेकदा ते नुसतं मळलेलं असतं. सागाचा चिकट तेलकट अंश धारेमागे साचतो, तपकिरी थर होतो, आणि तो लाकडावर घासून तापतो. कोमट साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून जुन्या टूथब्रशने घासा, लगेच पुसून कोरडं करा, मग धार बघा. स्ट्रेट कार्बाइड बिट घरी ताजं करता येतं, पात्याचा सपाट चेहरा बारीक डायमंड प्लेटवर चार-पाच वेळा, दोन्ही पाती सारखीच, उताराला हात लावायचा नाही. स्पायरलला मात्र घरी धार लावायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : दादा, मी घरीच छोट्या वर्कशॉपमध्ये फर्निचर करते. मॉर्टायझर नाही, मोठा राउटर नाही, फक्त ड्रिल प्रेस आणि पटाश्या आहेत. फोर्स्टनर, ब्रॅड पॉइंट, की साधं ट्विस्ट ड्रिल?

उत्तर : ताई, या साधनांवर खूप चांगली खाच होते, कुणी कमी समजू नये. भोकं पाडायची आणि पटाशीने भिंती सरळ करायच्या, एवढंच. प्रश्न फक्त भोकं कशी पाडायची हा.

ट्विस्ट ड्रिल धातूसाठी घासलेलं असतं, त्याचं बोथट टोक कठीण लाकडाच्या रेषांवरून घसरतं आणि रेघ सोडतं. हार्डवुडसाठी ब्रॅड पॉइंट घ्या, त्याची मधली सुई जागा धरते, कडेचे स्पर आधी तंतू कापतात आणि मोठे फ्लूट भुसा वर आणतात. पण त्या सुईला धरायला लाकूड हवं, अर्ध्या पडलेल्या भोकावर टेकवलंत तर ती पोकळीत घसरणार. म्हणून ब्रॅड पॉइंटची भोकं एकमेकांत घुसवू नका, मध्ये एक-दीड मिमीची भिंत सोडा, ती पटाशीच्या एका दाबाने तुटते.

फोर्स्टनरची गोष्ट उलटी. ते मधल्या टोकावर नाही, स्वतःच्या गोल काठावर चालतं, त्यामुळे भोकात भोक घुसवलं तरी सरळ उतरतं आणि तळ सपाट येतो. पण त्याला फ्लूटच नसतात. कापलेला भुसा डोक्यावर साचून राहतो, तो काढायला दर ५-६ मिमीला बिट पूर्ण बाहेर घ्यावं लागतं. नाही घेतलं की काठ जळतो, आणि जळलेला फोर्स्टनर परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणून दोन्ही ठेवा. आधी ब्रॅड पॉइंटने मोकळी मोकळी भोकं पूर्ण खोलीपर्यंत, मग मधल्या भिंतींवर फोर्स्टनर, तेव्हा त्याच्या भुशाला शेजारच्या भोकांत पडायला जागा मिळते. स्पीड १० मिमीच्या फोर्स्टनरला ७०० च्या आसपास, ब्रॅड पॉइंटला १,२०० पर्यंत चालेल.

पुढे स्क्रू असलेलं ऑगर बिट ड्रिल प्रेसवर कधीच लावू नका, ते हाताने फिरवायच्या ब्रेससाठी आहे. मशीनच्या वेगाने तो स्क्रू बिटाला आत खेचतो आणि लाकूड हातातून हिसकावलं जातं. लाकूड फेन्सला टेकवून क्लॅम्प करा, नुसतं हाताने धरायचं नाही.

बिटाचा व्यास खाचेपेक्षा अर्धा ते एक मिमी कमी घ्या, म्हणजे पटाशीला रेघेपर्यंत तासायला थोडं लाकूड राहील. खाचेच्या टोकांना पातळ पटाशीने ठोकाठोकी करू नका, ती वाकते. तिथे जाड पाठीचं किकरं, म्हणजे खाच पाडायची पटाशी, हवं, रुंदी खाचेएवढीच, धारेचा कोन ३० ते ३५ अंश, पंचविसावर ठेवलंत तर कठीण लाकडात धारेचा तुकडा पडेल. त्याचं टोक लाकडात रुतवून पाठ मागे ओढली की तुकडा उचलला जातो, आणि ती जाडी त्या ओढीसाठीच दिलेली असते.

प्रश्न : राउटरच्या खाचेची टोकं गोल येतात. चौकोनी करायची की कुसू गोल करायचं? ताकदीत फरक पडतो का?

उत्तर : ताकदीचा विचार बाजूला ठेवा, गोंद खरा धरतो तो खाचेच्या दोन लांब भिंतींना, कारण तिथे कुसवाचे आणि खाचेचे तंतू अंगाला अंग लावून असतात. टोकांना एंड ग्रेन, म्हणजे तंतूंची कापलेली टोकं, असतो, तिथे गोंद शोषला जातो आणि फारसं धरत नाही. मग जे सोपं ते करा. दोन-चार खाचा असतील तर टोकं पटाशीने चौकोनी करा. वीस असतील तर कुसवाचे चारी कोपरे कानशीने गोल करा, अगदी तंतोतंत जुळायलाच हवं असं नाही, टोकाकडे अर्धा मिमी ढिलं राहिलं तरी चालतं आणि जास्तीचा गोंद तिथून निघून जातो. रुंदीत मात्र ढिलाई नको, कुसू हाताच्या दाबाने आत गेलं पाहिजे आणि लाकूड उलटं धरलं तरी गळून पडता कामा नये. तळाशीही कुसवापेक्षा दीड-दोन मिमी जास्त खोली ठेवा, नाहीतर तिथे साचलेला गोंद पिस्टनसारखा दाबला जातो आणि सांधा क्लॅम्प आवळूनही पूर्ण बसत नाही.